चूळ भरावी, गिळू नये

माणसाच्या शरीरातला सर्वांत टणक पदार्थ म्हणजे दातावरचं कवच. त्याहून टणक पदार्थ एकच, तो म्हणजे समितीने एकदा केलेला ठराव. पण तो शरीरात नसतो, शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असतो. आमच्या किउरोंगा गावात हे दोन्ही पदार्थ एकमेकांसमोर उभे राहिले तेव्हा मी दोन्ही बाजूंनी हजर होतो. दात माझे होते, आणि ठरावही मीच लिहिलेला होता.

आमचं गाव मेरूच्या उतारावर आहे. (देव राहतात तो मेरू तुमचा. आमच्यावर ढग आणि माकडं राहतात.) डोंगर म्हणजे जुना ज्वालामुखी. त्याच्या पोटातून निघणारा ओढा चहाच्या रंगाचा, आणि ते पाणी पिऊन वाढलेल्या माणसांचे दातही त्याच रंगाचे. कोणाचे फिक्या चहासारखे, कोणाचे कडक चहासारखे, आणि माझ्यासारख्या काहींचे, चुलीवर ठेवून विसरलेल्या चहासारखे. माझ्या पुढच्या दोन दातांच्या कडाही झिजून गेलेल्या आहेत, जुन्या बशीसारख्या. दार-एस-सलामच्या बसस्टँडवर आमच्यापैकी कोणी तोंड उघडलं की समोरचा लगेच विचारतो, "अरुशाकडचे का?" ओळखपत्र काढून दाखवावं लागत नाही. सरकारचा तेवढाच त्रास वाचतो.

याच कारणाने आमच्याकडे हसताना तोंडावर हात ठेवायची रीत आहे. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना ती फार भावते. इतके विनयशील लोक आपण कुठेच पाहिले नाहीत, असं एका परदेशी पाद्रीबाबांनी आमच्या चर्चमध्ये उभं राहून सांगितलं होतं. आम्हाला इतकं हसू आलं, की सगळ्या चर्चने तोंडावर हात ठेवले आणि पाद्रीबाबांना आपलं म्हणणं तिथल्या तिथे सिद्ध झालेलं दिसलं. अशी कीर्ती मिळते तेव्हा ती दुरुस्त करत बसू नये.

मी शाळामास्तर होतो. जन्मभर फळ्याकडे तोंड करून शिकवलं. त्यामुळे माझं अक्षर सुंदर झालं आणि माझे विद्यार्थी मला अजूनही पाठीवरून ओळखतात. पुढे गावात दंतरक्षण समिती निघाली तेव्हा चिटणीस म्हणून माझं नाव सुचवायला कोणाला विचार करावा लागला नाही.

"मास्तरांचं अक्षर चांगलं आहे," अध्यक्ष पलांग्यो म्हणाले, "आणि ते तोंडही उघडत नाहीत."

चिटणीसाला याहून वेगळी पात्रता लागते असं मला आजवर कुठे दिसलेलं नाही. मी मान डोलावली, म्हणजे एकमत झालं.

समिती निघायचं कारण असं, की जिल्हा रुग्णालयातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई कोकुशुबीरा एकाच गाडीतून दोन वस्तू घेऊन आल्या. एक, टूथपेस्टचे खोके. दुसरी, एक भलंमोठं पिंप, ज्याच्या पोटात गुरांची जाळलेली हाडं कुटून भरलेली होती. शाळेच्या आवारात आंब्याखाली गाव जमलं, आणि बाईंनी एका हातात ट्यूब धरून सांगायला सुरुवात केली.

"यात फ्लोराइड आहे. आपण गोड खातो, ते तोंडातल्या जंतूंनाही मिळतं. ते त्याचं आम्ल करतात, आणि त्या आम्लाने दातावरच्या कवचातले क्षार थोडेथोडे विरघळतात. तिथेच कीड लागते. फ्लोराइड ते क्षार परत जागेवर बसवायला मदत करतं, आणि कवच असं घट्ट करतं की पुढच्या वेळी आम्लाची डाळ सहजी शिजत नाही. दिवसातून दोनदा घासा. पेस्ट वाटाण्याएवढी घ्या, अगदी लहान पोरांना तांदळाच्या दाण्याएवढी. घासा आणि थुंका."

मग त्यांनी ट्यूब खाली ठेवली आणि ओढ्याकडे बोट दाखवलं.

"आणि तुमच्या त्या ओढ्यातही हेच आहे. फार आहे. पोरांचे कायमचे दात हिरडीच्या आत घडत असतात तेव्हा हे पाणी पोटात गेलं, तर ते घडतानाच बिघडतात. म्हणून आठ वर्षांखालच्या मुलांना ओढ्याचं पाणी पाजू नका. या पिंपातून गाळून पाजा. हाडांचा कोळसा जास्तीचं फ्लोराइड धरून ठेवतो."

एवढं बोलून त्या गाडीत बसल्या, कारण त्यांना अंधाराच्या आत आणखी दोन गावं करायची होती. तज्ज्ञ गेले की समितीचं काम सुरू होतं.

पहिली अडचण उभी केली मामा नासारी यांनी. (आमच्याकडे मामा म्हणजे आई. या बाई आमच्या खजिनदार. गावातलं एकुलतं एक दुकान त्यांचं, आणि त्यात टूथपेस्ट आणि टॉफी एकाच फळीवर असतात. एकीचा खप दुसरीला धरून असतो.) त्या म्हणाल्या, "ही बाई एकदा म्हणते घाला, एकदा म्हणते काढा. ट्यूबमध्ये असलं की औषध आणि घागरीत असलं की विष? मी काय दुकान चालवत नाही? माल एक तर चांगला असतो, नाहीतर वाईट असतो."

यावर मला मिठाचं उदाहरण सुचलं होतं. मका-घेवड्याच्या मकांड्यात चिमूटभर मीठ घातलं तर चव येते आणि ओंजळभर घातलं तर ते कुत्रंही खात नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हणण्यासाठी तोंड उघडावं लागलं असतं. मी लिहिलं, 'या मुद्द्यावर सखोल चर्चा झाली.'

दुसरी अडचण अध्यक्षांची स्वतःची. पलांग्यो म्हणजे चर्चचे ज्येष्ठ, कॉफीच्या बागेचे मालक आणि तत्त्वाचे पक्के. ते म्हणाले, "हाडं कोणाच्या गाईची? ती कशाने मेली? मेलेल्या गुराच्या हाडातून झिरपलेलं पाणी मी पोटात घालणार नाही. फार तर तोंडात घेईन."

तो 'फार तर तोंडात घेईन' म्हणजे आमच्या गावाच्या इतिहासातलं वळण. कारण पिंपातून पाणी यायचं ते करंगळीएवढ्या धारेने, दिवसाकाठी थोड्याच बादल्या. ते कशाला वापरायचं हे ठरवणं भाग होतं. आणि सरळ विचार केला, तर समिती कशाची? दातांची. डॉक्टरीणबाई कशाच्या? दातांच्या. बिघडतात काय? दात. मग हे मोलाचं पाणी दातांना द्यायचं की पोटाला? पोटात दात नसतात, हे कोणाही शहाण्या माणसाला मान्य व्हावं. अशा रीतीने हाडाचं पाणी गिळावं लागणार नव्हतं, बाईंची देणगीही वाया जाणार नव्हती, आणि ओढ्याच्या पाण्याचा चहा, ज्याची चव गावाबाहेर कशालाच येत नाही, तोही वाचणार होता. मी ठराव लिहून काढला आणि चर्चच्या दारांना लावून उरलेल्या निळ्या रंगाने शाळेच्या भिंतीवर उतरवला:

'गाळलेले पाणी केवळ दातांच्या कामी वापरावे. चूळ भरावी, गिळू नये.'

अक्षर फारच सुंदर आलं होतं. लोक मुद्दाम बघायला यायचे.

दुसऱ्या दिवसापासून गावात एक शिस्त आली. सकाळी कॉफीच्या झाडांना कोवळं ऊन लागायच्या सुमाराला सगळी घरं पिंपाशी रांग लावत. प्रत्येक घराला रांगेत जागा ठरलेली. पेला भरायचा, घासायचं, चूळ भरायची, आंब्याच्या मुळाशी थुंकायचं, आणि घरी जाऊन ओढ्याच्या पाण्याचा चहा प्यायचा. (आंबा त्या वर्षी जोरात फळला. त्याच्या मुळाशी गावातलं सर्वांत चांगलं पाणी जात होतं.)

समितीच्या वतीने मी शाळेत पेस्टमधल्या पदार्थांवर व्याख्यानंही दिली, अर्थात फळ्याकडे तोंड करून. पेस्टमध्ये खडूसारखी एक बारीक पूड असते, ती दातांवरचा थर खरवडते. खडू आयुष्यभर माझ्याही पोटात गेला आहे, तेव्हा त्याच्याविषयी मी अधिकाराने बोललो. एक ओलावा धरणारा पदार्थ असतो, त्याने पेस्ट वाळत नाही. मामा नासारींच्या फळीवर वर्षभर पडली तरी विकता येते. मग फेस करणारा पदार्थ. फेस स्वतः कवचाचं रक्षण वगैरे काही करत नाही, पण फेस आला नाही तर माणसाला आपण दात घासले असं वाटतच नाही. आमच्या समितीत हे खातं अध्यक्षांकडे होतं. पुदिन्याचा वास असतो, तो काम संपल्यावर काम झाल्याची भावना मागे ठेवतो. ते माझ्याकडे, म्हणजे इतिवृत्त. या सगळ्या लवाजम्यात खरं राखणीचं काम करणारं फ्लोराइड असतं अगदी एवढंसं. ते कोणाला दिसत नाही, त्याला वास नाही, आणि आमच्या समितीत ते खातं रिकामं होतं.

दातांचा तपकिरी रंग काही जात नव्हता. तो जाणारही नव्हता, कारण तो वर चढलेला नव्हता, आतून विणलेला होता. पण मामा नासारींचं मत असं, की ट्यूब कमी पडते आहे. लोक वाटाण्याएवढीवरून शेंगेएवढीवर आले.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे, की गावात किडके दात जवळजवळ नव्हते. ते पूर्वीही नव्हते. आमच्या ओढ्याने ज्या दातांचा रंग घेतला, त्यांतल्या बहुतेकांना त्याने कीडही लागू दिली नव्हती. फार भरडले गेलेले माझ्यासारखे सोडले, तर सौदा अगदीच वाईट नव्हता. समितीने हे यश अहवालात आपल्या नावावर घेतलं. त्याला ओढ्याने हरकत घेतली नाही.

सगळं असं सुरळीत चालू असताना माझ्या घरात सून आली.

सेकेला तुकुयूची. तिकडे म्हणे पाऊस कधी घरी जात नाही आणि लोक पावसाचंच पाणी पितात. तिचे दात पांढरेशुभ्र, आणि तोंडावर हात न ठेवता हसायची खोड. पहिल्याच दिवशी ती अंगणात खळखळून हसली तेव्हा शेजारच्या घरातून माणसं बघायला आली, काय सांडलं म्हणून. माझा मुलगा एलिआमानी अरुशाला पर्यटकांची गाडी चालवतो, शनिवारी घरी येतो. बाकीचे दिवस घरात ती, मी, आणि नंतर आमची अनांदे. अनांदे आता दीड वर्षाची आहे. तिच्या तोंडात दुधाचे सहा दात आहेत, आणि ते दुधासारखेच आहेत.

एका संध्याकाळी सेकेला घेवडा निवडत होती. मध्येच म्हणाली, "बाबा, एक विचारू? दात कुठे तयार होतात?"

"तोंडात," मी म्हटलं.

"आणि तोंडात यायच्या आधी?"

"हिरडीत."

"मग अनांदेचे मोठे दात आत्ता कुठे आहेत?"

प्रश्न कुठे चालला आहे हे मला दिसत होतं. मास्तरकी केलेल्या माणसाला ते दिसतं. मी म्हटलं, "हिरडीच्या आत."

"आत तुमचा ब्रश पोचतो?"

"सेकेला, समितीने सर्व बाजूंनी विचार करून..."

"समिती राहू द्या हो बाबा. ती डॉक्टरीणबाई काय म्हणाली होती? पाजा म्हणाली होती की थुंका म्हणाली होती?"

"दोन्ही म्हणाली होती."

"पेस्ट थुंका म्हणाली, पाणी पाजा म्हणाली. तुम्ही पाणी थुंकता आणि ओढा पिता. अख्ख्या गावात हे एकालाही कळलं नाही?"

मला कळलं होतं. मिठाचं उदाहरण मला पहिल्याच दिवशी सुचलं होतं, हे मी वर लिहिलंच आहे. पण चिटणीसाला काय कळतं हा इतिवृत्ताचा विषय नसतो. मी तिला एवढंच म्हटलं, "भिंतीवर लिहिलंय, पोरी."

"कोणी लिहिलंय?"

मी उठून कोंबड्या बघायला गेलो. त्या जागेवर होत्या.

तिने मग मला विचारणं सोडलं आणि करणं सुरू केलं. रांगेत आमची पाळी आली, की ती आपला पेला भरायची, चूळ न भरता अनांदेच्या तोंडाला लावायची, आणि अनांदे घटाघटा प्यायची. ती माझ्या अगदी मागे उभी असायची. मी आंब्याकडे तोंड करून दात घासत असे. पाठ करून उभं राहण्याचा माझा सराव दांडगा आहे.

पण पाठ करणारे सगळेच नसतात. एके सकाळी मामा नासारींचा आवाज आला.

"गिळलं. पोरीने गिळलं. मी बघितलं."

सगळी रांग वळली. तोंडात फेस असल्याने कोणाला बोलता येत नव्हतं, म्हणून शांतता फार भारदस्त वाटली.

"चुकून गेलं असेल," अध्यक्ष फेस थुंकून म्हणाले.

"चुकून नाही," सेकेला म्हणाली. "रोज पाजते. उद्याही पाजणार आहे."

आता काही करण्यासारखं उरलं नाही. चूक असती तर समज देऊन सोडता आलं असतं. हे मत होतं. रविवारी सभा लावायचं ठरलं. गिळण्याची शिक्षा उपनियमात मीच घालून ठेवली होती: त्या घराची रांगेतली जागा पुढच्या मोठ्या पावसापर्यंत बंद. म्हणजे अनांदे ओढ्याचं पाणी पिणार, आणि नेमक्या याच दिवसांत तिच्या हिरडीत पुढचे दोन मोठे दात घडत होते. ते बाहेर येणार पाच-सहा वर्षांनी. तोवर त्यांत काय विणलं गेलं ते कोणाला दिसणार नव्हतं, आणि दिसल्यावर उसवता येणार नव्हतं.

शनिवारी एलिआमानी आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, तुम्हीच वाचणार ना आरोप?"

"चिटणीस मीच आहे."

"मग वाचा सावकाश," तो म्हणाला, आणि हसला. हसताना त्याने तोंडावर हात ठेवला. तो लहान होता तेव्हा समिती नव्हती आणि पिंपही नव्हतं. त्याच्या दातांबद्दल मला कोणी विचारू शकत नाही. मीही त्याच्याबरोबर हसलो, हात ठेवून.

अनांदे आमच्या मधे चटईवर बसली होती. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग तीही हसली. आणि हसताना तिने आपला इवलासा हात उचलून तोंडावर ठेवला, सहा पांढऱ्याशुभ्र दातांवर.

एलिआमानीला फार कौतुक वाटलं. "बघा, आजोबांची नक्कल करते."

मला वाईट वाटलं. इतकं वाईट मला माझ्या दातांबद्दल कधी वाटलं नव्हतं. ओढ्याने मला जे दिलं त्यात ओढ्याचा दोष नव्हता. पण हा हात तिला मी दिला होता. आणि तो ज्यावर ठेवायचा त्याची सोय मी निळ्या रंगात, सुंदर अक्षरात, भिंतीवर करून ठेवली होती.

रविवारी प्रार्थना संपली. मग नेहमीप्रमाणे चर्चच्या अंगणात लोकांनी दान दिलेल्या वस्तूंचा लिलाव झाला. केळीचे घड गेले, अंडी गेली, आणि एक लाल कोंबडी अध्यक्षांनी चढ्या बोलीने घेतली. ती त्यांच्या काखेत असतानाच सभा सुरू झाली. कोंबडीने सभेत व्यत्यय आणला नाही, हे इतिवृत्तात नमूद आहे.

"मास्तर, आरोप वाचा," अध्यक्ष म्हणाले.

मी उभा राहिलो. सभेत वाचण्याची माझी एक पद्धत आहे: वरचा ओठ खाली ओढून ठेवायचा आणि शब्द खालच्या बाजूने सोडायचे. श्रोत्यांना थोडं कमी कळतं, पण दात दिसत नाहीत. त्या दिवशी मी कागद घडी करून खिशात घातला आणि तोंड उघडलं. बोलण्यासाठी नाही. नुसतंच उघडलं, दाताच्या डॉक्टरसमोर उघडतात तसं, आणि उघडं ठेवून सगळ्यांकडे वळून पाहिलं.

गावाने माझे दात पहिल्यांदा पाहिले. माझे जुने विद्यार्थी पुढे सरकून बघत होते. त्यांना माझी ही बाजू नवीन होती.

"मास्तर, तोंड मिटा," अध्यक्ष हळूच म्हणाले. "मुलं आहेत इथे."

"मुलं आहेत म्हणूनच," मी म्हटलं. ओठ न ओढता बोललो, त्यामुळे माझा आवाज मलाच मोठा वाटला. "माझे हे दात घासून असे झाले नाहीत आणि घासून जाणारही नाहीत. मी अनांदेएवढा होतो तेव्हा ओढ्याचं पाणी गिळलं, त्याचे हे दात. पेस्ट बाहेरून राखण करते, ती करू द्या. आतली राखण पाण्याने होते. डॉक्टरीणबाई हेच सांगून गेल्या. मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?" मामा नासारी म्हणाल्या.

"तुम्ही मला न बोलण्यासाठीच निवडलं होतं."

कोणीतरी खुदकन हसलं. मग सगळेच हसले, आणि अंगणभर हात तोंडांवर गेले. म्हाताऱ्यांचे, बायकांचे, शाळकरी पोरांचे. एकटी सेकेला हात खाली ठेवून बसली होती, आणि ती हसत नव्हती. तिच्या मांडीवर अनांदेने पुन्हा हात वर नेला.

"तिला बघा," मी म्हटलं. "तिच्या हाताखाली लपवण्यासारखं अजून काही नाही."

हात हळूहळू खाली आले.

आता अडचण अशी होती, की ठराव मागे घेता येत नव्हता. ठराव मागे घेतला म्हणजे समिती चुकली असा त्याचा अर्थ झाला असता, आणि समिती चुकल्याची नोंद ठेवायला आमच्याकडे रकाना नव्हता. शिवाय निळा रंग संपलेला होता. अध्यक्ष कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत विचारात पडले. त्यांच्या घरीही तीन वर्षांचा नातू आहे; तो पुढच्याच रांगेत बसून शेंबूड पुसत होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"नियम काय म्हणतो? पाणी केवळ दातांच्या कामी. बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.

"पोरांचे दात हिरडीच्या आत आहेत. तिथे पाणी पोचवायचं तर पोराच्या आतून पोचवावं लागणार. म्हणजे आठ वर्षांपर्यंत ते सबंध पोरच दाताच्या कामी येतं. बरोबर?"

"बरोबर."

"मग लिहा. आठ वर्षांखालील प्रत्येक मूल हे, समितीच्या कामापुरते, दात समजण्यात यावे."

"आणि हाडाच्या पाण्याचं काय?" मामा नासारी म्हणाल्या. "तुम्हीच तर म्हणत होता, पोटात घालणार नाही."

"दात म्हणजे तरी काय? हाडच की. हाडाला हाडाचं पाणी चालतं." (शास्त्राला हे मान्य नाही. पण शास्त्र दोन गावं करायला पुढे गेलेलं होतं.)

ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. सेकेलावरचा आरोप आपोआप पडला, कारण दाताने पाणी घेणं हा गुन्हा नव्हे. अनांदेची नोंद गावातला पहिला दात म्हणून झाली. लगेच बाकीच्या आया आपापले दात कडेवर घेऊन पुढे आल्या, आणि तेव्हा हळूहळू उघड झालं, की गावातल्या निम्म्या पोरांना चूळ भरताना पाणी 'चुकून' गिळायची सवय कितीतरी महिन्यांपासून लागलेली आहे. त्यांच्या आयांना ती लागलेली दिसली होती. त्यांनीही आंब्याकडे पाहिलं होतं.

तेव्हापासून आम्हा मोठ्यांना चूळ भरायला ओढ्याचं पाणी आहे आणि पिंपाचं पाणी दातांना आहे. सकाळी रांगेत दात रडतात, धावतात, एकमेकांना ढकलतात, पेला पाडतात. एखाद्या दाताला आठ वर्षं पूर्ण झाली, की तो पडला असं समजतात आणि त्याला माणसांत घेतात. पेस्ट पुन्हा वाटाण्याएवढी झाली आहे. मामा नासारींनी तोटा टॉफीवर भरून काढला. पिंपातली हाडं ठरावीक काळाने बदलावी लागतात, नाहीतर ती भरून जातात आणि पाणी जसंच्या तसं खाली येतं. ती कोणी, कधी बदलायची यासाठी उपसमिती नेमली आहे. तिचा चिटणीस होण्याबद्दल मला विचारलं होतं, पण अध्यक्षांनीच मोडता घातला. म्हणाले, "नको, मास्तर आता बोलतात."

सेकेलाने मला एक काम लावून दिलं आहे. रोज संध्याकाळी अनांदेसमोर बसायचं आणि हात मांडीवर ठेवून हसायचं. मला जमत नाही. हात आपोआप वर येतो, आणि ती तो धरून खाली ठेवते.

आता तुमच्याविषयी. आमच्या गावाला तुम्ही मनसोक्त हसला असाल, आणि तोंडावर हात न ठेवता हसला असाल. तुमचे दात चांगलेच असणार. तुमच्या बेसिनवर जी ट्यूब आहे तिचं नाव तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. स्वयंपाकघरात जे पाणी भरून ठेवलं आहे, त्यात काय काय आहे असं विचारलं तर मात्र तुम्ही म्हणाल, त्याकडे बघणारे कोणीतरी असतीलच की.

असतात. त्यांचं अक्षर चांगलं असतं, आणि ते तोंड उघडत नाहीत.